झिम्मा बघायचा की खेळायचा?



स्मरणिकेत मंडळाचं कौतुक दरवर्षी छापून येतं आणि ते योग्यच आहे. यंदा मात्र थोडं कडू लिहितो. कार्यकारिणीत मीही दोनदा होतो, तेव्हा यातलं निम्मं पाप माझंच समजा.

गेल्या गणेशोत्सवात नाटकाला माझ्या शेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ होते. तीन तास शेजारी बसलो, एकाच विनोदाला हसलो, मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत मागेपुढे उभे राहिलो. नाव काही विचारलं नाही. महिन्याभराने कळलं, ते माझ्या घरापासून दोन मैलांवर राहतात, पत्नी वर्षापूर्वी वारली, आणि त्या दिवशी चार शब्द मराठीत बोलायला मिळतील म्हणून आले होते. बोलणार कधी? दिवे घालवलेले होते!

आपल्या कार्यक्रमांत सगळ्या खुर्च्यांची तोंडं स्टेजकडे. मुंबई-पुण्याहून कलाकार येतात, आपण टाळ्या वाजवतो, जेवतो, आपापल्या गाडीत बसतो. मंगळागौरसुद्धा यातून सुटली नाही. एकसारख्या नऊवारीतल्या बारा जणी, दोन महिन्यांची तालीम, रेकॉर्डवरची गाणी, आणि समोर मोबाईल उंच धरलेले दोनशे प्रेक्षक. माझ्या आईच्या वेळी मंगळागौरीला प्रेक्षक नव्हतेच हो! दमलेली बाई भिंतीला टेकायची, दम आला की पुन्हा फुगडीला उभी. कुणाचा पाय चुकला तर हशा व्हायचा, आणि त्या हशातूनच ओळखी व्हायच्या.

हे माझं म्हातारपणचं रडगाणं समजू नका. रॉबर्ट पटनम या हार्वर्डच्या प्राध्यापकांनी २००० साली ‘बोलिंग अलोन’ या पुस्तकात हेच दाखवलं होतं: अमेरिकेत बोलिंग खेळणारे वाढले, पण लीगमध्ये मिळून खेळणारे घटले. २०२३च्या मे महिन्यात तेव्हाचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी एकटेपणावर अहवालच काढला. माणसांपासून तुटण्याने मृत्यूचा धोका वाढतो तो दिवसाला १५ सिगारेटी ओढण्याच्या तोडीचा, असं त्यात आहे. १५ ते २४ वयाची मुलं २००३ मध्ये मित्रांबरोबर प्रत्यक्ष रोज सुमारे १५० मिनिटं घालवत, २०२० मध्ये ४०. (२०२० हे कोविडचं वर्ष, मान्य. पण घसरण त्याच्या कितीतरी आधीची.) ही ‘त्यांची’ मुलं नव्हेत मंडळी, आपल्या बेसमेंटमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेलीही त्यातच आली.

दोन वर्षांपूर्वीची संक्रांत आठवते? बर्फामुळे गायकांचं विमान शिकागोला अडकलं. हॉलचं भाडं भरलेलं, जेवण आलेलं. कुणीतरी गाडीतून पत्ते काढले, कुणी घरून कॅरमबोर्ड आणला. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या एक आजोबांनी तेरा वर्षांच्या एका पोराला बदाम सात शिकवला. ना यांना त्याचं इंग्रजी कळत होतं, ना त्याला यांचं मराठी, पण अडवलेली पंजी कुणाकडे आहे यावरून दोघं कडाकडा भांडले! रात्री अकराला हॉलवाल्याने हाकललं तेव्हा लोक उठले.

यावर कार्यकारिणीने काय केलं? ‘पुन्हा अशी नामुष्की नको’ म्हणून पुढच्या वर्षी कलाकारांना दोन दिवस आधीच बोलावलं.

‘पत्ते खेळायला कोण येणार?’ असं मला विचारतात. त्या रात्री कोण आलं होतं? ‘व्हॉट्सॲप ग्रुप आहे की!’ आहे ना. रोज ऐंशी सुप्रभात येतात, पण त्यातलं कोण आठवडाभर तापाने पडलंय ते कळत नाही. विम्याचा मुद्दा तेवढा खरा आहे. लगोरी हॉलबाहेर ठेवू.

वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे. तीनपैकी एक नाटक कमी करावं आणि त्या पैशांत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळेचा जिम चार तास घ्यावा. माइक नको, प्रमुख पाहुणे नकोत. गाडी न चालवणाऱ्या आजी-आजोबांना आणण्या-सोडण्याची पाळी मात्र लावायची.

अनुमोदनाला ते शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ तयार आहेत. मेंढीकोट त्यांना उत्तम येतो. ते, मी आणि आमची सौ. असे तिघे झालो, चौथा भिडू अजून मिळायचा आहे.