गुडघा जोडला, मांडीचं काय?

आई ब्लाउज शिवायची. तिच्या गिऱ्हाइकांच्या मापांची वही अजून माझ्याकडे आहे. लिहिलेल्या शेवटच्या चार पानांवर छाती, कंबर, बाही हे रकाने नाहीत. तिथे फक्त ‘उजवी’ आणि ‘डावी’ असं लिहिलंय. दर रविवारी सकाळी ती मला खाटेवर पाय लांब करून बसवायची, गुडघ्याच्या वाटीपासून पंधरा सेंटिमीटर वर खडूनं खूण करायची आणि मांडीला टेप गुंडाळायची. ऑपरेशननंतरच्या सहाव्या आठवड्याची नोंद आहे : उजवी ५१, डावी साडेशेहेचाळीस. आईनं टेप उलटी करून इंच बघितले. “पावणेदोन इंच! एवढ्या फरकात आख्खा ब्लाउज उसवावा लागतो गं.”

तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि सांगली जिल्ह्यातल्या एका कबड्डी संघाकडून डाव्या मध्यरक्षकाच्या जागी खेळत होते. चढाईला आलेल्या मुलीची मांडी धरताना माझा पाय मॅटवर रुतला, अंग वळलं, गुडघा मात्र वळला नाही. आतून ‘फट्’ असा आवाज आला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या मधोमध असलेला तिरका बंध, तुटला होता. सर्जननं मांडीच्या मागचा स्नायुबंध काढून त्याजागी नवा बंध बसवला. काम चोख झालं. घरी सोडताना कागदावर लिहून मिळालं, ‘सहा महिन्यांनी खेळण्यास हरकत नाही.’

त्या सहा महिन्यांच्या शेवटी आईच्या वहीत दोन्ही मांड्यांत एका सेंटिमीटरचाच फरक उरला होता. “जुळलं बघ,” म्हणत तिनं वही मिटली. संघाला स्पर्धा होती, मला घाई होती. दुसऱ्या सामन्यात एका चढाईला मागे सरकताना, कुणाचा हातही लागला नसताना, तोच गुडघा पुन्हा गेला. माझं खेळणं तिथं संपलं.

आज सोळा वर्षांनी मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे, मुलींचा कबड्डी संघ घेते. या काळात गुडघ्याची ऑपरेशनं खूप सुधारली. आमचा प्रश्न मात्र तोच राहिला : “किती महिने झाले?” माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न चुकीचा आहे. विचारायला हवं, “मांडीत किती ताकद आली?”

मला ऑपरेशननंतर एक कोडं पडलं होतं. कापलं मांडीच्या मागून, मग सुकली पुढची बाजू का? उत्तर पुढे एका फिजिओनं दिलं, आणि शेतकऱ्याच्या मुलीला कळेल असं दिलं. विहिरीवरची मोटर जळलेली नसते, स्टार्टर ट्रिप झालेला असतो. गुडघ्यात सूज आली की सांध्यातले संवेदक मज्जारज्जूला इशारा देतात आणि तिथून पुढच्या स्नायूला जाणारा हुकूमच दाबला जातो. हा आळस नव्हे, भीतीही नव्हे. निरोगी माणसांच्या गुडघ्यात थोडं मिठाचं पाणी टोचून शास्त्रज्ञांनी हे तपासलंय : दुखत नसतानाही मांडीचा स्नायू मंदावतो. म्हणून नुसतं दूध, अंडी आणि आराम यांनी ती मांडी भरत नाही. आधी सूज उतरवायची, गुडघा पूर्ण सरळ करायचा, खाली टॉवेलची गुंडाळी ठेवून वाटीच्या वरचा स्नायू आवळायचा, लागलं तर विजेचे हलके झटके देणारं यंत्र लावायचं. दिवसातून कितीतरी वेळा. या कामाला टाळ्या नाहीत.

पुढची चूक वेगळी असते. मुलगी न लंगडता चालायला लागली की घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि व्यायाम तिथंच अडकतो. पायाला वाळूची पिशवी बांधून पाय वर-खाली करणं चौथ्या महिन्यातही तसंच चालू असतं. स्टार्टर सुरू झाला तरी मोटरला भार द्यावा लागतो. लेग प्रेस, स्क्वॉट, एका पायावर उठबस, वजन वाढवत वाढवत, आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने. मांडी कमजोर राहिली की उडी उतरताना गुडघा पुरेसा वाकत नाही, धक्का ती पेलत नाही, आणि सगळं अंग नकळत चांगल्या पायावर कलतं.

आणि टेप? टेपला चरबी कळत नाही, मागचा स्नायू आणि पुढचा स्नायू यांतला फरक कळत नाही. मांडीचा घेर जुळला तरी ताकद जुळलेली नसते. आईचं माप बरोबर होतं. मोजायची गोष्टच वेगळी होती.

ऑस्लो आणि डेलावेअर इथल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांपर्यंत खेळायला परतणं जितकं लांबवलं, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला साधारण निम्म्यानं उतरला. शिवाय दोन्ही मांड्यांची ताकद जितकी सारखी, तितका धोका कमी. म्हणून आता नऊ महिने आणि चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के ताकद, अशा दोन्ही अटी धरल्या जातात. त्यातही मेख आहे : इतके महिने बसून चांगला पायही उतरतो, त्यामुळे ९० टक्के फसवे ठरू शकतात. पंचविशीच्या आतले जे खेळाडू मैदानात परततात, त्यांच्यापैकी जवळजवळ चारातल्या एकाचा बंध पुन्हा तुटतो, कधी त्याच गुडघ्यातला, कधी दुसऱ्यातला. माझ्या संघातल्या सगळ्या मुली याच वयाच्या आहेत.

पालक मला क्रिकेटपटू ऋषभ पंतचं नाव ऐकवतात. “तो बघा कसा परत आला.” आला, खरं आहे. त्याचा गुडघा जायबंदी करणारा मोटार अपघात ३० डिसेंबर २०२२ चा. आयपीएलमध्ये तो उतरला मार्च २०२४ मध्ये. मधले जवळजवळ पंधरा महिने कुणी मोजत नाही. त्याच्यामागे बंगळुरूची राष्ट्रीय क्रिकेट अकादमी होती. आमच्या मुलीला फिजिओकडे जायचं तर एस.टी.नं सांगली गाठायची, अर्धा दिवस जातो, सोबत येणाऱ्या आईचा त्या दिवसाचा रोज बुडतो. माझ्या विम्यानं ऑपरेशनचे पैसे दिले होते, पण दवाखान्यातून सुटल्यावर साठ दिवसांनंतरचं एकही बिल घेतलं नाही. म्हणजे मांडीला खरा भार द्यायची वेळ आली तेव्हाच पैसे संपले. ऑपरेशनच्या खर्चात नऊ महिन्यांचा फिजिओ धरलाच पाहिजे, विम्यानंही आणि खेळाडू घडवतो म्हणणाऱ्या संघानंही. नाहीतर ते अर्धंच ऑपरेशन.

ताकद मोजायला लाखांचं यंत्र लागतं, ही सबबही मला पटत नाही. फिजिओच्या सल्ल्यानं आम्ही शाळेत एक सोय केलीय. बाजारात पोतं मोजायला वापरतात तसला लटकता डिजिटल काटा घेतला. मुलगी उंच बाकावर बसते, गुडघा काटकोनात, घोट्याला पट्टा, पट्टा काट्याला आणि काटा मागे बाकाच्या पायाला बांधलेला. पाय पुढे रेटायचा, आकडा वाचायचा. आधी चांगला पाय, मग दुसरा. तीन वेळा.

आमच्या संघातली एक सतरा वर्षांची मुलगी ऑपरेशननंतर साडेपाच महिन्यांनी वडिलांबरोबर आली. जिल्हा स्पर्धा पंधरा दिवसांवर होती. “मॅडम, पळती की आता चांगली,” ते म्हणाले. ती खरंच पळत होती. मी तिला बाकावर बसवलं. उजवा पाय ३८ किलो, डावा २७. वडील हमालीचं काम करतात, आयुष्यभर काट्यावरचे आकडे वाचत आलेत. त्यांनी काही न बोलता पट्टा स्वतः सोडवला आणि डावा पाय पुन्हा मोजायला लावला. २७.

ती स्पर्धा तिनं गुणलेखकाच्या टेबलावर बसून बघितली. परवा आठ महिने झाले. उजवा ३९, डावा ३४. आकडा तिनं स्वतः वहीत लिहिला. आईच्या वहीत कोरी पानं उरली होती, ती मी तिला दिलीत. पुढची तारीखही तिनंच टाकलीय, महिनाभरानंतरची. त्या तारखेपुढे स्पर्धेचं नाव नाही, नुसते दोन रकाने आहेत : उजवी, डावी.