गुडविल म्हणजे सदिच्छा नव्हे

माझ्यासारखा मराठी माध्यमातला बी.ए. मास्तर 'गुडविल'चा अर्थ सदिच्छा असाच लावणार. ताळेबंदात तो निराळा. समजा, चिपळूणच्या बाजारपेठेतलं जुनं दुकान घेताना देणी वजा जाता गाळा, माल, फर्निचर मिळून वीस लाख होतात आणि आपण तीस मोजतो. वरचे दहा म्हणजे गुडविल. गंमत अशी, की तीन पिढ्या राबून ते नाव कमावणाऱ्या मूळ मालकाच्या ताळेबंदात त्याची किंमत शून्य!

टाटा स्टीलने २००७ साली कोरस सुमारे १२ अब्ज डॉलरला घेतली. पुढे युरोपात पोलादाची मागणी घटली आणि २०१३ साली, मुख्यतः गुडविलपोटी, सुमारे १.६ अब्ज डॉलर एकदम खर्ची टाकावे लागले. रोकड तेव्हा गेली नाही, ती आधीच गेली होती.

विलीनीकरणातलं गुडविल साधारण पाच वर्षांत थोडं थोडं वजा करायची जुनी रीत होती. २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झालेल्या नियमांत ते वजा होत नाही, दरवर्षी नुसतं तपासलं जातं. लेखापरीक्षक असतात, पण पुढच्या कमाईचे अंदाज बांधतं व्यवस्थापनच. म्हणजे आपला पेपर आपणच तपासायचा! मला जुनी रीतच बरी वाटते. पेन्शनीतले चार पैसे शेअरमध्ये घालणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांना एकदम बसणारा धक्का सोसत नाही. असो. वार्षिक अहवाल आला की मी नफ्याआधी ही ओळ शोधतो.