मेहेरबानी नको, नियम हवा

स्मशानभूमीच्या रस्त्यासाठी आमच्या वस्त्या आजही निवेदनं घेऊन पुढाऱ्यांच्या दारात उभ्या असतात. काम झालं की बॅनरवर 'उपकार' झळकतात.

सुरुवातीच्या अमेरिकेतही राज्यांची विधिमंडळं एकेकाच्या अर्जावर कायदे करत, अगदी घटस्फोटाचेसुद्धा! शेवटी इंडियानाने 1851च्या राज्यघटनेत अनेक बाबतींत असे खास कायदेच बंद केले.

आमच्या कोल्हापुरात 26 जुलै 1902 रोजी शाहू महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या 50 टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. 1928 मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन सुधारण्याचं विधेयक मांडलं. दोघांनीही सर्वांसाठी नियम मागितला.

मग आम्ही एकेका रस्त्यासाठी हात का जोडायचे? बंधू-भगिनींनो, जिल्ह्यातल्या प्रत्येक वस्तीसाठी एकच ठराव मागा.

जय भीम!