खरखर थांबली म्हणजे दोष गेला का?

जुलैचा शेवटचा आठवडा होता. आपाचा फोन आला. "शाळा सुटली की सरळ धक्क्यावर जा. तुझ्या दुल्हेभाईंनी दुसरा वायरलेस सेट आणलाय, तोही खरखरतोय. आता तिसरा आणायला निघालेत." आम्ही शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून मिक्सर बिघडला तरी नातेवाईक आम्हालाच बोलावतात. पण या वेळी आपाच्या आवाजात निराळी काळजी होती आणि तिचे कारण आम्हाला ठाऊक होते.

मागच्या हंगामात एका रात्री ओळखीच्या होडीचे इंजिन समुद्रात बंद पडले. तिच्या तांडेलांनी १६ नंबरच्या चॅनेलवर मदत मागितली. सर्वांत जवळ दुल्हेभाईंची होडी होती. त्यांचा सेट चालूही होता, पण हाक ऐकू आली नाही. खरखर सहन होईना म्हणून एका खलाशाने स्क्वेल्चची कळ पूर्ण फिरवून ठेवली होती. ही कळ चाळणीसारखी असते. ती जितकी घट्ट करावी तितकी खरखर गळते, पण लांबून येणारा क्षीण आवाजही गळून जातो. ती होडी पहाटेपर्यंत वाहत राहिली. अल्लाहच्या कृपेने सगळे सुखरूप परतले. धक्क्यावर त्या तांडेलांनी एवढेच विचारले, "भाई, आमचा आवाज आला नव्हता का?" हा प्रश्न दुल्हेभाईंच्या मनातून अजून गेलेला नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा होडी खाडीच्या पाण्यात उतरवलेली होती. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठणार होती. भाचा म्हणाला, "मामू, कंपनीच खराब आहे." आम्ही म्हटले, "दोन सेट एकाच प्रकारे खरखरतात, म्हणजे दोष बहुधा सेटबाहेर आहे. वही-पेन आण."

पहिले काम म्हणजे होडीवरचे सगळे बंद करणे. इंजिन, दिवे, पंप, फिश फाइंडर, मोबाईलचा चार्जर, सगळे. फक्त सेट बॅटरीवर चालू ठेवला. १६ नंबर हा संकटाच्या हाकेसाठी राखलेला आहे, तिथे प्रयोग करायचे नसतात. म्हणून कोणी बोलत नव्हते असा दुसरा चॅनेल लावला. स्क्वेल्च सैल केली, सूं सूं आवाज सुरू झाला. मग तो जेमतेम थांबेल इतपतच कळ फिरवली. सेट शांत झाला. दुल्हेभाई चकित होऊन म्हणाले, "हा तर चांगला आहे!"

मग एकेक वस्तू चालू करून वहीत लिहीत गेलो. केबिनचा जुना दिवा लावला, काही नाही. फिश फाइंडर, काही नाही. चार्जर लावताच थोडी कुरकुर. डोलकाठीवरचा नवा एलईडी दिवा लावला आणि तीच ओळखीची खरखर सुरू झाली. दिवा बंद केला की थांबे, लावला की येई. आम्ही तीन वेळा करून पाहिले. एकदाच जुळले तर योगायोग असू शकतो, असे मुलांना शिकवतो तर स्वतःही पाळायला हवे.

याचे कारण सोपे आहे. एलईडी दिव्याच्या आत एक छोटे सर्किट असते. ते बॅटरीची वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून दिव्याला हवी तशी करते. या तोडजोडीतून रेडिओ लहरीही बाहेर पडतात. चांगल्या दिव्यात त्या आतच अडवलेल्या असतात, स्वस्त दिव्यात हा खर्च वाचवलेला असतो. असा दिवा अँटेनाशेजारीच बसवला तर सेटला दुसरे काय ऐकू येणार? अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याच कारणासाठी नाविकांना सावधगिरीची सूचना दिली होती आणि तपासायची रीतही साधारण हीच सांगितली होती.

आता इंजिन सुरू केले. बारीक शिट्टी ऐकू आली. इंजिनाचा वेग वाढवला की शिट्टीही चढे. हा अल्टरनेटरचा आवाज. सेटची वायर पंपाच्या वायरीतूनच जोडलेली होती. ती काढून दोन्ही वायरी थेट बॅटरीपर्यंत नेल्या आणि बॅटरीजवळ फ्यूज बसवला. शिट्टी जवळजवळ गेली.

तेवढ्यात भाच्याने उलटी तक्रार सांगितली. "मामू, माइक दाबला की फिश फाइंडरचा पडदा हलतो." म्हणजे इथे सेटच दुसऱ्याला त्रास देत होता. असे सेट बोलताना २५ वॅटपर्यंत शक्ती वापरतात. त्यासाठी १२ व्होल्टच्या बॅटरीतून साधारण ५-६ अँपिअर वीज लागते. नुसते ऐकताना फार कमी लागते. सेटवर १ वॅटची कळही असते. ती लावून बाजूच्या होडीशी बोलून पाहिले, तर पडदा स्थिर राहिला.

यात दोन शक्यता असतात. एक, बोलताना विजेचा दाब घसरतो. दोन, अँटेनाच्या लहरी दुसऱ्या वायरीत शिरतात. फिश फाइंडरची वीज जिथे येते तिथे मीटर लावला. २५ वॅटवर माइक दाबला तरी दाब फारसा घसरला नाही. म्हणजे दुसरी शक्यता उरली. पाहतो तर अँटेनाची केबल आणि फिश फाइंडरची केबल एकाच जुडग्यात, घट्ट बांधलेल्या! त्या वेगळ्या केल्या. जिथे एकमेकींना ओलांडणे टळत नव्हते तिथे आडव्या-उभ्या ओलांडू दिल्या. अँटेनाच्या जोडावर खाऱ्या हवेने हिरवा गंज चढला होता, तो जोड नवा बसवून वरून चिकटपट्टी गुंडाळली. पडदा हलायचा थांबला.

दिवा मात्र बदलावाच लागला. नवा आणल्यावर वर चढवण्याआधी खालीच वायर जोडून सेटजवळ तपासला, मगच बसवला. चार्जरसाठी नियम केला की समुद्रात सेट ऐकायचा असेल तेव्हा तो काढून ठेवायचा. शेवटी भाच्याने आपाकडून नेलपॉलिश आणले आणि स्क्वेल्चच्या कळीवर ठिपका दिला. कळ ठिपक्याच्या पुढे दिसली की समजायचे, कोणीतरी सेटचे कान बंद केलेत.

होडी नसलेल्या वाचकांनाही हे उपयोगी आहे. गाडीतला एफएम खरखरत असेल तर आधी चार्जर आणि कॅमेरा काढून पाहावा. रुग्णवाहिकेत किंवा ट्रकमध्ये वायरलेस असेल तर हीच रीत चालते: सगळे बंद, मग एकेक चालू, आणि वहीत नोंद. वायरींना हात लावण्याआधी मुख्य स्विच बंद करावा. इन्व्हर्टरची २३० व्होल्टची वायर मात्र वायरमननेच हाताळावी.

आणि ज्यांच्या घरचे कोणी समुद्रावर जाते, त्या आया-बहिणींना एक विनंती. डबा, औषधे, लाइफ जॅकेट विचारता, तसे एवढेही विचारा: "सेट ऐकून पाहिला का? दिवे लावून पाहिला का?" तटरक्षक दलाचा १५५४ हा मदतीचा नंबर सर्वांना पाठ असावा, पण मोबाईलची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते. त्यापुढे त्या छोट्या पेटीचाच आधार.

१ ऑगस्टला होडी गेली. तिसऱ्या दिवशी दुल्हेभाई परतले. मासळीचे आम्ही विचारले, तर ते आधी दुसरेच बोलले. "रात्री लांबच्या एका होडीने वाऱ्याची चौकशी केली. आवाज बारीक होता, पण आला. मी उत्तर दिले."