शिकवण्याआधी शिकायला हवं



कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा शिकवणं हा आता एक धंदा झाला आहे. २०१३ च्या कायद्याच्या कलम १९ ने मालकावर जबाबदारी टाकली आहे की त्याने ठरावीक काळाने कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्याव्यात आणि अंतर्गत समितीच्या सदस्यांना तयार करावं. त्यामुळे महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कपासून तुर्भे-रबाळ्याच्या कारखान्यांपर्यंत सगळ्यांनाच हे प्रशिक्षण लागतं. बऱ्याच ठिकाणी ते संगणकावरच्या कोर्सच्या रूपात येतं. चार चित्रं, एक गोष्ट, शेवटी पाच प्रश्न आणि प्रमाणपत्र. असे कोर्स रचणाऱ्यांना इन्स्ट्रक्शनल डिझायनर म्हणतात. आज बँकेच्या कर्जाचा कोर्स, उद्या आगीपासून बचावाचा, परवा लैंगिक छळाचा. विषय बदलतो, साचा तोच राहतो.

या मंडळींचं म्हणणं असतं, "विषय तज्ज्ञ देईल, मांडणी आम्ही करू." ते अगदीच खोटं नाही. नवखी बाई कुठे अडते हे मुरलेल्या वकिलाच्या लक्षात येत नाही. वकिली भाषेतल्या पुस्तिका हातात पडल्यावर आपल्या शिबिरातल्या बायका कशा जांभया देतात, हे आपण पाहिलेलं आहे. सोपं करून सांगणं हे कसबच आहे. पण तज्ज्ञाला नेमकं काय विचारायचं, हे कळायलाही विषय यावा लागतो. जो स्वतः शिकलेला नाही, त्याला काय गाळलं गेलं तेही दिसत नाही.

समजा, कोर्सच्या शेवटी प्रश्न आहे : खोटी तक्रार केली तर कारवाई होते का? बरोबर उत्तर : होय. झालं! आता कलम १४ नीट वाचा. तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. ती द्वेषापोटी किंवा खोटी असल्याचं माहीत असून केली, हे चौकशीत सिद्ध व्हावं लागतं. हा अर्धा भाग गाळला की तोच कोर्स बाईचं तोंड बंद करतो. तसंच, "तीन महिन्यांत लेखी तक्रार करा" हे वाक्य चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. जिला लिहिता येत नाही, तिला तक्रार लिहायला मदत करणं हे समितीचं कर्तव्यच आहे. ज्या बाईला हे सांगायला हवं, तिला न भेटता कोर्स लिहिणाऱ्याला या ओळी बिनमहत्त्वाच्या वाटतात.

आपल्या नवी मुंबईचंच पाहा. घरकाम करणाऱ्या बाईसाठी मालकाचं घर हेसुद्धा कायद्याने कामाचं ठिकाण आहे. तिथे अंतर्गत समिती कुठून असणार? तिने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. पण नेरूळ ठाणे जिल्ह्यात आणि खारघर रायगडमध्ये! एका शहरातल्या दोन बायकांना दोन वेगळ्या समित्या. तिने त्यासाठी ठाण्याला किंवा अलिबागला हेलपाटे घालावेत असं मात्र कायदा म्हणत नाही. वॉर्डात किंवा नगरपालिकेत नोडल अधिकारी नेमायचा आणि त्याने तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवायची, अशी तरतूद आहे. तो अधिकारी नेमला आहे का, तो कुठे बसतो, हे विचारत फिरल्याशिवाय या कायद्याचा अभ्यास पुरा होत नाही.

अर्धवट तयारीची किंमत कोण मोजतं? गोवा विद्यापीठात २००९ साली विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने चौकशी घाईघाईने उरकली, त्याला बाजू मांडायला पुरेसा अवधी दिला नाही. त्याला नोकरीवरून काढलं गेलं. पण १२ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती चौकशी सदोष ठरवली आणि प्रकरण ५ मे २००९ ला जिथे होतं तिथे परत नेलं. चौदा वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर! समिती नसणं जितकं घातक, तितकीच अर्धीकच्ची चौकशी करणारी समितीही घातक, अशा आशयाचं न्यायालयाने बजावलं. सदस्यांना प्रशिक्षण द्या, असा आदेश दिला आणि विधी सेवा प्राधिकरणांना त्यासाठी अभ्यासक्रम तयार करायला सांगितलं. म्हणजे कोर्स आणखी निघणार. म्हणूनच ते कोण आणि कसे लिहितं, हा आपला प्रश्न आहे.

आधी शिकावं, मग शिकवावं, ही रीत आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर मॉन्टेसरी पद्धत अभ्यासली होती. पण १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केल्यावर अनुताई वाघांसह त्या पुन्हा शिकल्या, या वेळी आदिवासी पाड्यांकडून. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं आली. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळा अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. कागदावरचा अभ्यासक्रम घेऊन बसल्या असत्या, तर हे सुचलं असतं का?

आणि हा कायदा तरी कुठून आला? १९९२ मध्ये राजस्थानातल्या भंवरीदेवीने बालविवाह रोखायचा प्रयत्न केला म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. तिच्यासाठी बायकांच्या संघटना न्यायालयात गेल्या, त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला. कामावरच्या बाईच्या अनुभवातून आलेला कायदा त्या अनुभवाला वगळून कसा शिकवता येईल?

कोर्स लिहिणाऱ्या मुला-मुलींना दोष देऊन भागणार नाही. त्यांना पंधरा दिवसांत काम उरकायला लावणारी कंत्राटं आधी बदलायला हवीत. अभ्यासाचा वेळ कंत्राटातच धरा आणि त्याचे पैसे द्या.

आपल्यापैकी अनेकजणी समित्यांवर बाहेरच्या सदस्य म्हणून बसतात. त्यांनी कोर्सला होकार देण्याआधी विचारावं : लिहिणाऱ्याने पूर्ण कायदा वाचला का? समितीवर काम केलेल्या बायकांशी तो बोलला का? त्यात स्थानिक समितीचा पत्ता आहे का? पक्का करण्याआधी तो सफाई करणाऱ्या, कँटीनमध्ये राबणाऱ्या बायकांना दाखवला का? चौकशी गुप्त असते, तिथे कुणाला बसवता येणार नाही. पण आपल्या शिबिरांत, वस्तीतल्या बैठकांत त्यांना बोलवू या. चटईवर बसून दिवसभर नुसतं ऐकू दे. हाच नियम आपल्या पुस्तिकांना आणि पथनाट्यांनाही लावू या.

– संपादक मंडळ