भूगोल नको म्हणणाऱ्यांना

गुहागर तालुक्यातल्या एका गुणगौरव समारंभात एका विद्वान वक्त्यांनी सांगून टाकले की नववी-दहावीच्या मुलांच्या डोक्यावरचे भूगोलाचे ओझे उतरवा. कारणे तीन: नकाशा मोबाइलमध्ये आहे, भूगोल म्हणजे पाठांतर, आणि भूगोलाने नोकरी लागत नाही. टाळ्या पडल्या. त्या पालकांनी वाजवल्या, म्हणून हे उत्तर.

नोकरीचे म्हणाल तर राज्यसेवेच्या परीक्षेत भूगोल आहे. हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी मुलांना मार्गदर्शन करू नये. पाठांतर हा शिकवणाऱ्याचा दोष, विषयाचा नव्हे.

आता मोबाइल. हेदवीच्या बामणघळीचा रस्ता तो बिनचूक दाखवतो, उमामहेश्वराच्या देवळापर्यंत आणून सोडतो. पुढे काय? ओहोटीला आलेला पाहुणा कातळातली भेग बघतो आणि ‘यात काय आहे’ म्हणत परततो. पावसाळ्यात ऐन भरतीला आलेला शेवाळलेल्या खडपावर, घळीच्या तोंडाशीच फोटोला उभा राहतो. लाट त्या चिंचोळ्या घळीत कोंडली की पाणी वरच उसळणार, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येतो, भरतीही तेवढीच सरकते, म्हणून हा हिशेब जुळतो. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण; अष्टमीच्या आसपास ते काटकोनात असतात, तेव्हा भांग, म्हणजे लहान भरती. होडीवर जाणाऱ्या पोराला पाऊणपट येते. तिचे कारण त्याला वर्गात कळले पाहिजे, आणि तो वर्ग भूगोलाचाच.

भरतीच्या वेळाही मोबाइलवर मिळतात, असे लगेच ऐकवतील. मिळतात, पण वेळ कळली म्हणजे परिणाम कळला असे नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडाले. आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते, पौर्णिमा तोंडावर होती. वर सह्याद्रीत कोसळणारा पाऊस, खाली दाभोळच्या खाडीत चढणारी भरती, आणि मध्ये वाशिष्ठीच्या काठी बाजारपेठ. या तिन्ही गोष्टी एकत्र मांडून बघायची सवय कोणता मोबाइल लावतो? ती शाळेतच लागते. ज्याला ती लागली, तो घर बांधताना नदीची जुनी पूररेषा विचारतो.

2020 साली टाळेबंदीमुळे दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीने गुण दिले गेले. तो नाइलाज होता, त्याबद्दल तक्रार नाही. चीड आली ती घरोघरी ऐकू आलेल्या ‘सुटलो एकदाचे’ची. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकले आणि दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. सुटले कोण? इतिहासाच्या जोडीला 40 गुणांचा भूगोल बांधून टाकला तेव्हाच हा विषय दुय्यम ठरला, हे माझे म्हणणे जुने आहे आणि ते मी सोडलेले नाही.

मग करायचे काय? दहावीच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे, पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा, नळदुर्गहून अलिबागचा. पाठ चांगला आहे. पण हेदवीच्या मुलांनी तो वाचून थांबू नये, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर जावे. या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी एप्रिलमध्ये अनेक वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात, कारण सच्छिद्र जांभा पाणी धरून ठेवत नाही. मुलांनी आपल्या वाडीतल्या विहिरीची पातळी दर आठवड्याला मोजावी, महिनाभर भरतीच्या वेळा लिहाव्यात, पाऊणपट पडताळावी, आणि त्या वहीला गुण द्यावेत. याला पैसा लागत नाही, शिक्षकाला मोकळीक लागते.

आणखी एक. बारावीला भूगोल फक्त कला शाखेचा नाही, विज्ञान शाखेलाही तो घेता येतो. कित्येक कनिष्ठ महाविद्यालये तो ठेवतच नाहीत, कारण कोणी मागत नाही. टाळ्या वाजवणाऱ्या पालकांनो, अकरावीचा प्रवेश घ्यायला जाल तेव्हा तो मागा.