पान पाहून झाड टाकू नका

'हे खरे ट्रायडेंट मेपल नव्हे' हा शेरा बोन्साय करणाऱ्यांच्या तोंडी सहज येतो. पानाची तीन टोके ठळक नाहीत, कडा दातेरी आहे किंवा खोड अजून गुळगुळीत आहे, एवढे कारण त्याला पुरते. बहुतेक वेळा हा शेरा चुकीचा असतो आणि त्यापायी उत्तम रोप वाफ्यातून उपटले जाते.

हे झाड मूळचे पूर्व चीनचे. तैवानात त्याचाच एक स्थानिक प्रकार वाढतो. त्याची पाने जाडसर आणि टोके आखूड असतात. जपानमध्ये ते 18व्या शतकात चीनमधून आले आणि आज तिथे रस्त्यांच्या कडेलाही सर्रास दिसते. एवढ्या पसरलेल्या झाडाचे बी पेरल्यावर सगळी रोपे एका साच्याची निघावीत, ही अपेक्षाच चुकीची आहे.

त्यात वयाचा भाग मोठा. लहान रोपाची पाने खोल चिरलेली आणि दातेरी असतात. झाड मोठे झाले की टोके आखडतात, कडा सरळ होते. काही पानांना टोके जवळजवळ उरतच नाहीत. त्याच झाडाच्या बुडातून जोमदार धुमारा फुटला की त्यावर पुन्हा लहानपणीची पाने येतात. फणसाच्या कोवळ्या रोपाची चिरलेली पाने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही. खत-पाणी भरपूर देऊन फांदी मोकळी वाढू दिली, तरी पानाचे रूप बदलते. म्हणून पारख करायची ती स्थिरावलेल्या, बारीक फाटे फुटलेल्या फांदीवरच्या पानांवरून. शरदातल्या रंगावर आपल्याकडे विसंबू नये. पुण्या-मुंबईच्या हिवाळ्यात त्यासाठी लागणारी थंडीच पडत नाही.

सालीबाबत अधिक धीर हवा. कोवळे खोड राखाडी-तपकिरी आणि नितळ असते. पुढे साल पापुद्र्यांनी सुटू लागते आणि आतून नारिंगी-तपकिरी रंग उघडा पडतो. एकाच वेळी पेरलेल्या दोन रोपांपैकी एकाचे खोड लवकर सोलते, दुसऱ्याचे कितीतरी वर्षे नितळ राहते. टोकियोतले कोकुफू हे बोन्साय प्रदर्शन फेब्रुवारीत भरते, तेव्हा मेपल निष्पर्ण असतात आणि पाहणाऱ्यासमोर असते ते खोड, मुळांचा घेर आणि फांद्यांचे जाळे. तिथे साल हाच झाडाचा चेहरा. घासून चकचकीत केलेल्या खोडापेक्षा आपोआप सुटणाऱ्या सालीचे ठिगळ-ठिगळ खोड आम्हाला अधिक मोलाचे वाटते. अर्धवट चिकटलेले पापुद्रे नखाने ओढू नयेत. सुटे झालेले तेवढे मऊ ब्रशने काढावेत.

'हाना चिरु सातो'सारखी ट्रायडेंट मेपलची जात वेगळी. तिची वसंतातली पालवी पांढरट-गुलाबी येते आणि मग हिरवी होते. हा गुण बियांतून हमखास उतरत नाही, त्यासाठी कलमच करावे लागते. कुंडीत झाडांचा समूह लावायचा असेल, तरी बहुतेक झाडे एकाच मातृवृक्षाच्या छाट कलमांची घ्यावीत. नाहीतर एक झाड पालवीने भरलेले आणि शेजारचे अजून कळीत, असे दृश्य दिसते. एकट्या झाडासाठी मात्र बियांचा वाफा सोडू नये. आखूड पेऱ्यांचे, लहान पानांचे, लवकर साल सोडणारे रोप तिथेच सापडते, आणि मग त्याची गुटी बांधून ते वाढवता येते.

रोपवाटिका चालवणाऱ्यांना आमची आग्रहाची विनंती आहे की प्रत्येक रोपावर बी की कलम, मातृवृक्ष कोणता आणि पेरणीचे साल कोणते, ही चिठ्ठी लावावी. वाचकांनी बियांपासून वाढवलेल्या आपल्या झाडाची दोन छायाचित्रे पाठवावीत: एक पानांसह, एक पाने नसताना, दोन्ही एकाच बाजूने घेतलेली. सोबत झाडाचे वय आणि ते जमिनीत वाढले की कुंडीत, हे कळवावे. आलेली छायाचित्रे आम्ही वयानुसार लावून छापू.